परमिट दिलं, पण नराचं की मादीचं?

सुरुवातीलाच सांगतो, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा विषय बंदच आहे, त्यामुळे आज जे बोलणारे ते सगळं न्यूझीलंडचं आणि थोडं अमेरिकेचं. तिथे सरकारी जंगलात परमिट काढून हरीण मारता येतं, अगदी रीतसर. हे ऐकलं की लोकांचे दोन गट पडतात, एक म्हणतो अरेरे काय हे, दुसरा म्हणतो ठीके, आकडा ठरवून द्या, फी लावा, विषय संपला. मला भांडायचंय ते दुसऱ्या गटाशी. किती मारली यापेक्षा नर मारले की माद्या मारल्या यावर पुढचं सगळं गणित ठरतं आणि बहुतेक परमिटं नेमकी तिथेच गप्प बसतात.

आधी न्यूझीलंड, कारण तिथला मामलाच उलटा आहे. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथला मूळचा नाही. हरणं सगळी बाहेरची, 19व्या शतकात आणि 20व्याच्या सुरुवातीला गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेपायी नेलेली. रेड डिअर ब्रिटनमधून, सांबर श्रीलंकेतून, हो हो, आपल्याकडे वाघाच्या पोटात जातं तेच सांबर, आणि 1905 मध्ये तर अमेरिकेचे प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट यांनी वापिटी नावाची मोठाली हरणं भेट म्हणून पाठवली, ती देशाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फिओर्डलँडमध्ये सोडली. आता हरणाला खाणारं तिथे कोणीच नाही आणि झाडांना हरणाची सवय नाही, मग व्हायचं तेच झालं. लांबून बघितलं तर जंगल हिरवंगार, आत शिरलं की हरणाचं तोंड पोचतं तिथपर्यंत कोवळं काही शिल्लक नाही, म्हणजे जुनं झाड पडलं की त्याच्या जागी यायला रोपच नाही.

आधी या हरणांना कायद्याचं संरक्षण होतं, ते 1930 मध्ये काढलं आणि मग सरकारने पगारी शिकारीच जंगलात धाडले. खरा फरक पडला तो मात्र 1960-70 च्या दशकात, हेलिकॉप्टरं आली आणि मांस एक्स्पोर्ट व्हायला लागलं तेव्हा. पैसा मिळतोय म्हटल्यावर डोंगरच्या डोंगर साफ झाले, पुढे तर जिवंत पकडून फार्मवर न्यायला लागले.

आज तिथलं कॉन्झर्वेशन डिपार्टमेंट देशाची साधारण एक तृतीयांश जमीन सांभाळतं आणि त्यातल्या बऱ्याच भागात शिकारीचं परमिट फुकट मिळतं, ऑनलाइन. बंदुकीचं लायसन्स हवं, रात्री शिकार नाही, ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या झोपड्या आणि पायवाटांच्या आसपास गोळी चालवायची नाही, कुत्रा न्यायचा तर त्याची वेगळी परवानगी. किती मारायची याला मात्र तिथे मर्यादाच नाही, कारण हरणं कमी व्हावीत हीच सरकारची इच्छा. 1980 चा नॅशनल पार्क्स ॲक्ट तर सरळ म्हणतो की बाहेरून आणलेले प्राणी शक्य तितके संपवा.

आता यातली गंमत बघा. परमिट घेऊन जाणाऱ्याला हरणं संपवायचीच नाहीयेत, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा यायचंय! तो जातो मार्च-एप्रिलमध्ये, माद्यांसाठी नर ओरडत असतात तेव्हा, त्याला हवा असतो मोठ्या शिंगांचा नर, आणि मेलेलं जनावर पाठीवर घेऊन यायचं असल्यामुळे तो रस्त्यापासून फार आतही जात नाही. मादी समोरून गेली तरी बरेचजण सोडून देतात. आणि एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, त्यामुळे दहा नर कमी झाले तरी पुढच्या वर्षी पिल्लं जवळपास तेवढीच. म्हणजे ज्यांना काम पूर्ण करायचं नाही त्यांच्याच हातात सरकारने काम दिलंय, आणि तेही फुकटात. (याच ओरडण्याच्या दिवसांत शिकारी नराचा आवाज काढतात, मग दुसरा शिकारी त्या आवाजाच्या मागे येतो, आणि माणसाने माणसाला मारल्याच्या घटना झाल्यात. म्हणून समोर काय आहे याची शंभर टक्के खात्री पटल्याशिवाय ट्रिगरला हात नाही, हा तिथला पाठ करून घेतलेला नियम.)

फिओर्डलँडच्या वापिटीचं जरा वेगळंय. तिथे सीझनला सोडत निघते, ज्याचं नाव लागेल त्याच्या ग्रुपला ठरलेला ब्लॉक, ठरलेले दिवस. पण मला सोडतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच, तिथली शिकाऱ्यांचीच संस्था हेलिकॉप्टर लावून नको असलेली हरणं, म्हणजे मुख्यतः रेड डिअर आणि त्यांचा वापिटीशी संकर झालेली, स्वतः कमी करते. त्यातलं बरंचसं मांस गरजूंच्या फूड बँकांना गेलंय. शौक पाहिजे ना, मग जंगल सांभाळायचं कामही करा, हा व्यवहार मला पटतो.

अमेरिकेत उलट, तिथे हरीण मूळचंच, त्यामुळे परमिट हे रेशनकार्डासारखं चालतं, टॅग मिळाला तर एक हरीण. बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्समधून 1937 पासून वन्यजीवांच्या कामाला पैसे जातात, लायसन्सची फी वेगळी. पण व्हाइट-टेल्ड हरणं इतकी वाढली की तिथेही प्रश्न हाच, माद्या कोण मारणार? विस्कॉन्सिन राज्याने 1990 च्या दशकात काही भागांत नियम आणला, आधी बिनशिंगाचं, म्हणजे मादी नाहीतर पिल्लू, असं एक हरीण मारून नोंदवा, मगच शिंगवाला नर. डोकं लावून केलेला नियम, माद्या खरोखर जास्त मारल्या गेल्या. आणि शिकाऱ्यांना तो इतका झोंबला की 2011 मध्ये तिथल्या विधिमंडळाने रद्दच केला, कारण समोर आयुष्यात एकदाच दिसणारा नर उभा आणि तुम्ही मादी नोंदवली नाही म्हणून बघत बसायचं, हे कोणाला चालणार?

शेवटचं, शिकाऱ्याने भरून द्यायच्या रिपोर्टबद्दल. अमेरिकेत मारलेलं हरीण तपासणीला आणलं की तिथला माणूस शिंगं बघत नाही, जबडा उघडतो. खालच्या बाजूची तिसरी पुढची दाढ तीन उंचवट्यांची असेल तर ती दुधाची, म्हणजे व्हाइट-टेल्ड हरणाचं वय साधारण दीड वर्षाच्या आत, दोन उंचवट्यांची असेल तर त्याच्या पुढचं. अशा शेकडो जबड्यांवरून कळतं की कळप वाढतोय की म्हातारा होतोय. म्हणून माझं मत विचाराल तर फुकट परमिटला माझी हरकत नाही, मर्यादा नसण्यालाही नाही, पण काहीच मारलं नाही असं का असेना, रिपोर्ट भरून दिल्याशिवाय पुढचं परमिट देऊ नये, आणि सोडतीत माद्या मारून आलेल्याचं नाव आधी काढावं.