ईशापूरची २ए१

(पडद्यावर: टेबलावर जाड कापड, कापडावर रायफल. कॅमेरा नळीच्या टोकाकडून दस्त्याकडे सावकाश सरकतो.)

लांबून पाहिलं तर कुणीही मराठी माणूस म्हणेल, ही तर थ्री नॉट थ्री! पोलीस ठाण्याच्या दारात, बँकेच्या फाटकावर, एनसीसीच्या परेडला आपण हिला पाहिलेलं असतं. तेच बोथट नाक, नळीवर टोकापर्यंत चढवलेलं लाकूड, खाली वळलेली बोल्टची मूठ. जळगावला कॉलेजात असताना ‘बगल शस्त्र, कंधे शस्त्र’ करत आम्ही जी डीपी, म्हणजे फक्त कवायतीची, रायफल मिरवायचो, ती याच घराण्यातली.

आता मॅगझिनकडे बघा. थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन खाली तिरकं उतरतं, कारण तिच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते आणि अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग वाकडी होते. हे मॅगझिन चौकोनी आहे, बुडाला सपाट. यात बसतं ते ७.६२ मिलिमीटरचं नाटो काडतूस, त्याला बाहेर आलेली कडा नाही. गोळ्या दहा नाहीत, बारा. ही थ्री नॉट थ्री नव्हे. ही बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली २ए१, साल १९६७.

मी अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथल्या एका दुकानात ती मला मिळाली. फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, रायफल घरी आली. भारतात ही गोष्ट शक्यच नव्हती. शस्त्र कायद्याप्रमाणे .३०३ (म्हणजेच थ्री नॉट थ्री) काय किंवा ७.६२ काय, दोन्ही प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीची मनाई असलेली मापं. सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळत नाही. हुगळीच्या काठावर आपल्या कामगारांनी घडवलेली ही वस्तू भारतीय माणसाला हातात घेऊन निवांत बघता येते ती इथे, सातासमुद्रापार. मला याचं वाईट वाटतं, आणि हा व्हिडिओ मराठीत करण्याचं तेच कारण आहे.

(पडद्यावर: बोल्ट मागे, मॅगझिन बाहेर, करंगळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत.)

पहिलं काम, रायफल रिकामी असल्याची खात्री. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, डोळ्यांनी बघायचं आणि मग बोटाने चाचपायचं. दुकानदाराने आपल्यासमोर तपासली असली तरी घरी पुन्हा तपासायची.

आणि दुसरं काम म्हणजे काहीच न करणं. नव्या मालकाचे हात शिवशिवत असतात. तेल आणावं, ब्रश आणावा, लाकूड घासून लख्ख करावं. थांबा. चिंदीला तेल लावण्याआधी रायफल वाचून घ्या. एकदा सँडपेपर फिरला की लाकडावरचे शिक्के गेले, आणि गेलेला शिक्का कुठल्याही किमतीला परत येत नाही.

(पडद्यावर: दस्त्याच्या पुढचा लोखंडी पट्टा, अगदी जवळून.)

वाचायला सुरुवात इथून. दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या बाजूला. रायफल, ७.६२ एमएम, २ए१. आर, एफ, आय, म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. आणि साल. अक्षरं एका रेषेत नाहीत. १९६७ मधला सहा जरा वर चढलाय, साताचा ठसा बाकीच्यांपेक्षा खोल गेलाय. कुणीतरी एकेक पंच हातात धरून हातोडी मारली आहे, आणि शेवटच्या आकड्याला जोर जास्त पडला आहे. मी या साताकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

इंग्रजांच्या काळातल्या ईशापूर रायफलीवर याच जागी मुकुट असतो आणि खाली जी, आर, आय. म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. फॅक्टरी तीच, नदी तीच, पण प्रजासत्ताकानंतर मुकुट गेला आणि तपासनिसांच्या शिक्क्यांत अशोकस्तंभाचे सिंह आले. नळीच्या मुळाशी भिंगातून पाहिलं तर ते दिसतात. तांदळाच्या दाण्याएवढे, झिजलेले, तरी ओळखू येतात.

आता नंबर. नळीच्या मुळाशी एक, बोल्टच्या मुठीमागे एक. बोल्टवरचा जुना नंबर आडवी रेघ मारून खोडलाय आणि बाजूला नवा ठोकलाय. मूळ बोल्ट कधीतरी बदलला गेला, आणि बदलणाऱ्याने तो या रायफलीच्या नावावर रीतसर चढवला. जवळच एफ, आर अशी दोन अक्षरं आहेत. फॅक्टरी रिपेअर. रायफल जिथे जन्मली तिथेच दुरुस्तीला परत गेली होती.

इथल्या जाणकार संग्राहकांना हे सगळं खटकतं. त्यांना हवी असते कारखान्यातून निघाली तशीच्या तशी, सगळे नंबर जुळणारी रायफल. म्हणून ईशापूरच्या रायफली त्यांच्या लेखी खालच्या पायरीवर. रंग फासलेल्या, ठिगळं लावलेल्या. माझं मत नेमकं उलटं आहे. न वापरलेल्या रायफलीत फक्त कारखाना दिसतो. हिच्यात कारखाना, शस्त्रागार आणि पहाऱ्याची चौकी, तिन्ही दिसतात.

(पडद्यावर: हिमालयातल्या खिंडींचा नकाशा. मग ईशापूर, हुगळीचा काठ.)

ही रायफल का बनली, ते सांगायला १९६२ मध्ये जावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या महिन्याभरात नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखच्या बर्फात आपल्या बहुतेक जवानांच्या हातात होती तीच .३०३, जिचं मूळ मॉडेल ब्रिटिश फौजेने १९०७ मध्ये स्वीकारलं होतं. समोर चिन्यांची स्वयंचलित हत्यारं. युद्धानंतर लष्कराने ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल घेतली, पण ती लाखांनी बनायला वेळ लागणार होता. तोवर दुसऱ्या फळीचं काय? ईशापूरने आपल्याला तोंडपाठ असलेली रचना घेतली आणि ती नव्या काडतुसासाठी बांधली. नाटो काडतुसाचा दाब जास्त, म्हणून रिसीव्हरचं, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचं, पोलाद बदललं. रिकामी पुंगळी बाहेर खेचणारा एक्स्ट्रॅक्टर बदलला, मॅगझिन बदललं. ती झाली २ए. मागच्या साइटवरचे, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवरचे, अंतराचे आकडे २००० पर्यंत जायचे. एवढ्या लांब एकट्या शिपायाने नेम धरण्याचे दिवस संपले होते. साइट ८०० मीटरवर आणली, आणि नाव झालं २ए१. स्नायपर सोडून साध्या शिपायासाठी नव्याने आखलेल्या बोल्ट-ॲक्शन रायफलींतली ही जगातल्या शेवटच्यांपैकी एक.

तिच्या घराण्याची पुढची नोकरी मुख्यतः पोलिसांकडे गेली, आणि गरजेपेक्षा फार लांबली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर रेल्वेच्या शिपायांकडे बोल्ट-ॲक्शन .३०३ होत्या आणि समोर एके-४७. त्याही रायफलीतून आपल्या माणसांनी गोळ्या झाडल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.

(पडद्यावर: दस्ता. मग पुढचं लाकूड, खालच्या बाजूने.)

आता लाकूड. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे.

२ए१ साठी .३०३ च्या साठ्यातलंच लाकूड वापरलं गेलं. हे पुस्तकी विधान झालं; माझ्या रायफलीवर त्याचा पुरावा बोट लावून दाखवता येतो. दस्त्याच्या उजव्या बाजूला रुपयाएवढा एक गोल आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंतच्या दस्त्यांवर तिथे पितळी चकती असायची, पलटणीचं नाव कोरण्यासाठी. इथली चकती काढून त्या जागी लाकडाची टिकली बसवली आहे. टिकलीचे रेषे बाकी लाकडाच्या रेषांशी जुळवलेत, इतके की ओल्या चिंदीने पुसलं तेव्हा कुठे सांधा दिसला. म्हणजे लोखंड १९६७ चं आणि दस्ता बहुधा त्याच्या पन्नास वर्षं आधीचा. तो कुठल्या पलटणीत होता, कुठे फिरून आला, हे सांगणारी चकतीच गेली. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव जोडायचा मोह मला होतो. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या पलटणींकडे .३०३ होत्याच. पण पुराव्याशिवाय मी ते नाव जोडणार नाही. त्या माणसांचा मान राखायचा तर असाच राखावा.

पुढच्या लाकडात, मॅगझिनच्या जरा पुढे, आडवा आरपार गेलेला एक स्क्रू दिसतो. जगभरचे संग्राहक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात. गोळी सुटली की रिसीव्हर मागे रेटतो आणि सगळा धक्का लाकडातल्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, खांदे झिजतात, आणि लाकूड उभं चिरतं. हा स्क्रू ती चीर आवळून धरतो. माझ्या रायफलीत त्या खांद्यांच्या जागी नव्या लाकडाचे तुकडे चिकटवून वर लाकडी खुंट्या मारल्या आहेत. खिळा नाही, पत्रा नाही.

हे बघायला पुढचं लाकूड काढावं लागतं, आणि इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दस्त्याचा लांब बोल्ट आधी कधीही फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. ते फिरलं की शंभर वर्षं टिकलेलं लाकूड एका झटक्यात फाटतं. आधी नाकाची टोपी, मग ट्रिगर गार्ड, मग पुढचं लाकूड, आणि दस्ता सगळ्यात शेवटी. मुळात दस्ता हलत नसेल तर त्याला हातच लावू नका.

लाकडाला मी फक्त जवसाचं तेल दिलं. कच्चं. तळहातावर थेंब घेऊन, हाताच्या उबेने चोळत. फौजेची रीत हीच होती. लाकूड इतकं कोरडं होतं की पहिला हात बघता बघता पिऊन गेलं.

(पडद्यावर: दस्त्याच्या मागची झडप उघडते.)

दस्त्याच्या मागच्या झडपेत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायची जागा असते. इथे बाटली नव्हती, पुलथ्रू होता. दोरी मेणचट झालेली, टोकाला पितळी वजन. त्याच्याऐवजी नवी दोरी वापरून मी नळी साफ केली. पहिल्या चिंद्या काळ्या, मग तपकिरी, मग करड्या. मग बोल्टच्या बाजूला पांढरा कागद धरून तोंडाकडून आत पाहिलं. चर स्वच्छ, कडा धारदार, चेंबरच्या पुढे किंचित खवले. एवढ्या वयाला उत्तम.

तरीही थेट मैदानावर जायचं नाही. आधी गनस्मिथकडे. तो हेडस्पेस मोजतो, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती फट उरते ते. बोल्ट बदललेल्या रायफलीत हे मोजल्याशिवाय गोळी घालणं धोक्याचं. दुकानातलं .३०८ विंचेस्टर बाहेरून ७.६२ नाटोसारखंच दिसतं, चेंबरमध्ये बसतंही. पण त्यातले काही भार जास्त कडक असतात. मी हिला नाटोच्या मापाचंच देतो.

काडतुसांचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचं सांगायला हवं. रायफल बंगालची, पण गोळी महाराष्ट्राची. पुण्याची खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची, तिच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. आणि ७.६२ साठी वरणगाव. भुसावळजवळ, १९६४ सालची ऑर्डनन्स फॅक्टरी. माझं आजोळ भुसावळचं. लहानपणी वरणगावच्या कामगारांच्या गाड्या सुटताना बघायचो, आत काय बनतं याचा पत्ता नसायचा. इथल्या एका शस्त्रमेळ्यात रिकाम्या पुंगळ्यांच्या डब्यात हात घातला आणि बुडावर ‘ओ एफ व्ही’ असलेली पुंगळी वर आली. विकणाऱ्याला त्या अक्षरांचा अर्थ मी सांगितला. त्याने पैसे घेतले नाहीत.

(पडद्यावर: मैदान, १०० यार्डांवर कागदी लक्ष्य. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा.)

बोल्ट वर उचलताना हात फार फिरवावा लागत नाही, साधारण साठ अंश. मागे ओढणं हलकं. पुढे ढकलताना शेवटच्या इंचाभरात स्प्रिंग दाबली जाते आणि हाताला जोर लागतो. ट्रिगरला दोन टप्पे. पहिला सैल, लांब. मग एक भिंत. तिथे श्वास रोखायचा आणि दाबायचं.

धक्का खांद्यात सपाट बसतो, कारण दस्त्यामागची पट्टी लोखंडी आहे. आवाज .३०३ पेक्षा कोरडा. पुंगळी उजवीकडे उडते, आणि नजर लक्ष्यावरून न हटवता हात पुन्हा मुठीवर गेलेला असतो. पहिल्या महायुद्धाआधीचे ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार का काढू शकायचे, ते या हालचालीत कळतं.

गोळ्या एकमेकींजवळ पडल्या, तळहाताने झाकता येतील इतक्या. पण सगळ्या थोड्या डावीकडे आणि वर. म्हणजे पुढची साइट डावीकडे सरकवावी लागेल आणि तिचं पान, म्हणजे नेमाची उभी पट्टी, एका आकाराने उंच घ्यावं लागेल. हातोडीने ठोकून ते काम होतं, पण पानावर खुणा पडतात. शस्त्रागारात त्यासाठी वेगळी पकड असायची, स्क्रू फिरवून पान केसाकेसाने सरकवणारी. तशी एक जुनी पकड मी मागवली आहे. ती येईपर्यंत साइट आहे तिथेच राहील.