मालवणला जाताय? आधी घाटमाथ्यावर थांबा!

नमस्कार मंडळी! जोडून सुट्टी आली की कोल्हापूरकराची गाडी कुठं वळते? मालवणला. पहाटे निघायचं, गगनबावड्यात चहा मारायचा, करूळ घाट उतरायचा आणि दुपारी सुरमईच्या ताटावर बसायचं. खावा की, सुरमईला कोण नको म्हणतंय? पण ज्या डोंगराच्या जिवावर आपली पंचगंगा वाहते, तो आपण काचेतनं बघून पुढं जातो, हे काय बरोबर नाही.

(स्क्रीनवर नकाशा) ही सह्याद्रीची धार बघा. कोल्हापूरपासून गगनबावडा ५५ किलोमीटर, आणि तिथून समुद्र सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. जूनमध्ये अरबी समुद्रावरचं दमट वारं कोकण ओलांडून येतं आणि या कड्याला थडकतं. मग ते वर चढतं, वर गार होतं आणि बहुतेक पाणी माथ्यावरच ओतून मोकळं होतं. म्हणून गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि कोल्हापूर शहरात साधारण १,०००. पूर्वेला शिरोळकडं तर त्याच्या निम्म्याच्या आसपास.

आणि तरी पुरात शिरोळ बुडतंच! पाऊस पडतो घाटमाथ्यावर आणि पाणी येतं तिकडं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ च्याही वर गेलं होतं. ‘आज किती फूट?’ हे आपण गल्लीत एकमेकांना विचारतो, पण उत्तर ठरतं ते तिकडं वर, गगनबावडा-राधानगरीत.

आता गंमत बघा. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी वाघोटन खाडीतनं विजयदुर्गला समुद्राला मिळतं. तोच ढग जरा अलीकडं फुटला तर पाणी कुंभीतनं पंचगंगेत, नरसोबावाडीला कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात! गगनगडावर उभं राहिलात की दोन्हीकडचे उतार दिसतात. धुकं नसलं तर. जुलैत गेलात तर शेजारचा माणूसही दिसायचा नाही, आणि पावसात दरड येऊन घाट बंद पडतात, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा.

माझं विचाराल तर सप्टेंबर. तेव्हा सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर जावा. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आहे, घाटमाथ्यावरही असे जांभ्याचे सडे आहेत. लांबनं नुसतं काळं, पडीक रान वाटतं. पण खाली वाकून बघा. कातळाच्या खळग्यात बोटभर माती, आणि त्यात दवबिंदू नावाचं नाण्याएवढं लालसर रोप. पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. किडा बसला की अडकला. कातळावरच्या मातीत नत्र नसतोच म्हटलं तरी चालेल, म्हणून हे रोप तो किड्यातनं काढतं! शेजारी सीतेची आसवं, निळी-जांभळी. दिसायला नाजूक, पण तीही शिकारीच. फक्त पाय बघून टाका, रील काढताना अर्धा सडा तुडवून येऊ नका.

आणि जंगलच बघायचं असेल तर दाजीपूर. पावसाळ्यात जंगलातला रस्ता बंद असतो, त्यामुळं हिवाळ्यात किंवा मेच्या आसपास करवंदं पिकली की जावा. कोल्हापूर संस्थानाचं हे शिकारीचं रान. १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, आज राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटर पसरलंय, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वाटेत राधानगरी धरण लागतं, शाहू महाराजांनी सुरू केलेलं. त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे, पाणी भरलं की आपोआप उघडणारे!

जंगलात शेकरू दिसेल, नशीब असेल तर धनेशही. पण लोक येतात गव्यासाठी. मोठा नर टनाच्या घरात जातो, अंग काळंभोर आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. फोंडा घाटाच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर कळप आडवा येऊ शकतो. आला तर हॉर्न नाही, फ्लॅश नाही, गाडीतनं उतरणं तर अजिबात नाही. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा. आणि कळप गेला असं वाटलं तरी लगेच गाडी पुढं दामटू नका, मागं एखादं वासरू राहिलेलं असतं.