एका ज्वाळेची काजळी, दोन वाटा

(दृश्य: डिपस्टिक पुसणारा हात)

डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑईल तपासायची पट्टी, बाहेर काढून फडक्यावर पुसली, की डाग काळाकुट्ट. ऑईल अलीकडेच बदललं असलं तरी डिझेल इंजिनात हे होतंच. हा रंग काजळीचा. सायलेन्सरमधून धूर होऊन बाहेर पडते तीच ही काजळी. दोन्हींचा जन्म सिलिंडरमध्ये, डिझेलच्या फवाऱ्याला पुरेशी हवा मिळत नाही त्या जागी.

(दृश्य: सिलिंडरचा छेद)

मग ती ऑईलमध्ये शिरते कशी? आतला वायू प्रचंड तापलेला, सिलिंडरची भिंत त्यामानाने थंड. गरम वायूतले बारीक कण थंड बाजूकडे ढकलले जातात आणि भिंतीवरच्या ऑईलच्या थरात अडकतात. पिस्टनच्या रिंगा तो थर खरवडून खाली नेतात, आणि काजळी ऑईल चेंबरमध्ये पोचते.

(दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं, शेजारी शेजारी)

धुरातल्या आणि ऑईलमधल्या काजळीचे नमुने प्रथम सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. साधारण 20 ते 40 नॅनोमीटरचे मणी, त्यांच्या वेड्यावाकड्या माळा. मण्याच्या आत कार्बनचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुंडाळलेले. दोन थरांमधलं अंतर सुमारे 0.35 नॅनोमीटर, ग्रॅफाइटपेक्षा किंचित जास्त.

फरक दिसतो तो कणाच्या अंगावर काय चढलंय त्यात. धुरातल्या कणावर अर्धवट जळलेलं इंधन बसतं. ऑईलमधल्या कणापाशी कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस भरपूर सापडतात, कारण ही मूलद्रव्यं ऑईलमध्ये घातलेल्या रसायनांतून येतात. धुरातला कण इंजिनातून क्षणार्धात सुटतो. ऑईलमधला पुढचं ऑईल बदलेपर्यंत गरम वंगणात घुसळत राहतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती नमुना काढण्याची गोष्ट. धुरातली काजळी गाळणीवर जमा होते. ऑईलमधली मिळवायची तर ऑईल हेप्टेन या द्रावकात पातळ करा, सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जड कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, फिरवा, तळाचा साका धुवा, पुन्हा फिरवा. या धुण्यातच माळा एकमेकींना चिकटू शकतात. त्यामुळे चित्रातला गोळा इंजिनात झाला की बाटलीत, हे प्रत्येक वेळी तपासावंच लागतं.

(दृश्य: झिजलेला कॅमशाफ्ट)

एवढा खटाटोप इंजिनाची झीज समजून घेण्यासाठी. काजळी वाढली की ऑईल घट्ट होतं, आणि धातूवरचा संरक्षक थर खरवडला जातो. झिजेच्या प्रयोगांना काजळी भरपूर लागते, ऑईलमधून मात्र चिमूटभरच निघते. म्हणून अनेकदा ताज्या ऑईलमध्ये बाजारातला कार्बन ब्लॅक, म्हणजे कारखान्यात बनवलेली कार्बनची पूड, कालवतात. दिसायला तोही काळा, मण्यांच्या माळांचाच. पण तो कुठल्याही इंजिनात एक तासही राहिलेला नसतो.