लोबेरा गेला, शील्ड आली

(दृश्य: शिरोडा, वेळागरचा किनारा. ओहोटी. ओल्या वाळूवर गोलपोस्ट म्हणून मांडलेल्या चार चपला.)

ओहोटी लागली की इथे तासा-दीड तासापुरतं मैदान तयार होतं. सिंधुदुर्गात क्रिकेटचं पीक मोठं, पण गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या या पट्ट्यात फुटबॉलही मुरलेला आहे.

खेळ सुरू व्हायच्या आधी भिडू वाटायचे. दोन थोरले पोरगे समोरासमोर उभे. पहिल्याने सगळ्यात चपळ पोराला उचललं. दुसऱ्याने मात्र एक जाडगेला, गप्प मुलगा मागून घेतला. बाकीचे हसले. तो मुलगा चपलांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, आणि पहिल्याच फटक्याला वाळूत आडवा झाला. चेंडू त्याच्या पोटाखाली.

सुरूच्या सावलीत बसलेले एक आजोबा आमचा कॅमेरा बघून म्हणाले, "कोच कोच काय करतात? गोल काय कोचान मारल्यान?"

(दृश्य: आरोंद्याचा पूल, मग मांडवी, मग जुवारी. मडगाव, फातोर्डा स्टेडियम.)

आजोबांच्या प्रश्नाला इंग्लंड गाठायची गरज नाही. उत्तराचा अर्धा भाग फातोर्ड्यात आहे.

सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश प्रशिक्षक 2017 मध्ये एफसी गोवाकडे आला. गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत पुढे सरकायचं, चेंडू उगाच उडवायचा नाही, हा त्याचा हट्ट. 2019 मध्ये संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम फेरीत गेला, तिथे बंगळुरूकडून हरला, मग त्याच वर्षी सुपर कप जिंकला. आणि जानेवारी 2020 च्या अखेरीस, साखळीतले फक्त तीन सामने उरलेले असताना, क्लबने त्याला काढलं. संघ तेव्हा तळाला नव्हता, जेतेपदाच्या शर्यतीत होता!

सूत्रं आली क्लिफर्ड मिरांडाकडे. गोव्याचाच माणूस, देंपो या गोव्यातल्या क्लबचा जुना मिडफिल्डर. उरलेले तीनही सामने गोव्याने जिंकले आणि त्यांत 14 गोल मारले. शेवटचा जमशेदपूरमध्ये, 5-0. साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड गोव्याची झाली आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

मग आजोबा बरोबर म्हणायचे? प्रशिक्षक गेला, तरी शील्ड आली.

थांबा. लावणी एकाची, कापणी दुसऱ्याची, हे भातशेतीच्या मुलखात तरी समजावून सांगायला नको. अडीच वर्षं अंगात भिनलेले पास एका आठवड्यात विसरले जात नाहीत. करंडकासाठीच्या उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने त्याच गोव्याला 4-1 ने झोडपलं. परतीचा सामना गोव्याने जिंकला, पण एकूण हिशेबात एका गोलने घरी बसावं लागलं.

(दृश्य: रिकाम्या खुर्च्या. बांबोळी.)

पुढचा अख्खा मोसम कोरोनामुळे गोव्यातच झाला, प्रेक्षकांविना. लोबेरा परत आला तो मुंबई सिटीचा प्रशिक्षक म्हणून. एकटा नाही आला. अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई, हे एफसी गोवाचे चौघेही आता मुंबईच्या निळ्या जर्सीत होते. मुंबईकडे पैसाही होता. नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला होता.

मार्च 2021, उपांत्य फेरी, मुंबई विरुद्ध गोवा. फातोर्ड्यात 2-2, बांबोळीत 0-0. अतिरिक्त वेळ संपत आलेली, पेनल्टी समोर दिसत होत्या. तेवढ्यात दोन्ही प्रशिक्षकांनी गोलकीपर बदलले! तासन्‌तास गोल राखणारा बाहेर, बाकावर थंड बसलेला आत. शूटआउट 6-5 ने मुंबईने जिंकलं. विजयी पेनल्टी मारणारा रॉलिन बोर्जेस, तोही गोयकारच. अंतिम सामन्यात मोहन बागानला 2-1 ने हरवून मुंबईने करंडक उचलला, शील्ड आधीच खिशात होती.

चाल दोघांनी एकच खेळली, फळली एकाला. प्रशिक्षकाच्या कामाचं हेच दुखणं आहे. निर्णय त्याचा, पण त्याचं मोल निकालावरून ठरतं, आणि निकालात नशिबाचाही वाटा असतो.

(दृश्य: लोहखनिजाचे बार्ज, मांडवी नदी.)

जरा मागे जाऊ. आय-लीग ही तेव्हा देशातली अव्वल लीग. तिची पहिली सहा जेतेपदं, 2008 ते 2013, सगळीच्या सगळी गोव्यात आली. देंपोची तीन, चर्चिल ब्रदर्सची दोन, साळगावकरांचं एक. तीन क्लब, वेगवेगळे प्रशिक्षक, पण गाव तेच. देंपो आणि साळगावकर यांच्यामागे खाणींतून उभी राहिलेली घराणी होती.

तरी देंपोचे आर्मांदो कुलासो वेगळे काढावेच लागतात. आय-लीगच्या आधीची नॅशनल लीग धरून पाच राष्ट्रीय जेतेपदं, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली. 2013 मध्ये ते गेले आणि दोन वर्षांत देंपोची खालच्या लीगमध्ये घसरण झाली. पण गोल मारणारा रँटी मार्टिन्स त्यांच्या आधी, 2012 मध्येच गेला होता. आता दोष कुणाच्या नावावर लिहायचा?

बास टेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमध्ये हेच तपासलं. सलग हरल्यावर प्रशिक्षक हाकलणारे क्लब सावरले. तितकीच वाईट वेळ आलेले, पण प्रशिक्षक ठेवणारे क्लबही जवळपास तसेच सावरले. ओहोटीनंतर भरती येतेच, श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

उलटा दाखला मँचेस्टर युनायटेडचा. 2013 मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन लीग जिंकून निवृत्त झाले. पुढच्या मोसमात जवळपास तेच खेळाडू सातवे आले.

मला विचाराल तर मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग. मोठा भाग भिडू मागताना होऊन जातो. लोबेराने मुंबईत सगळ्यात आधी तेच केलं.

(दृश्य: पुन्हा वेळागर. संध्याकाळ.)

पाणी चढलंय. एका बाजूच्या चपला लाटेने नेल्या, तेव्हाच खेळ संपला. जाडग्या कीपरचा संघ दोन गोलांनी पुढे. चपळ पोराला उचलणारा थोरला पाण्यात उभा राहून चपला शोधतोय आणि ओरडतोय, "फाल्या भिडू पयलो मी मागतलंय!"

त्याला कोण हवाय, हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. नजर मात्र त्या जाडग्यावरून हटत नाही.