जबडा बांधलेला असताना

(ठाण्यात रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी काहींचं जबड्याचं ऑपरेशन व्हायचंय, काहींचं झालंय. पण बहुतेक जण घरचे आहात: आई, नवरा, बहीण, सासू. मला मुख्यतः तुमच्याशी बोलायचं आहे. सर्जनचं काम काही तासांत संपतं. पेशंट थोड्याच दिवसांत घरी येतो आणि पुढे काही बिघडायचं असेल तर ते बहुधा तुमच्या घरात बिघडतं. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस कण्हत का होईना, सांगू शकतो. जबड्याच्या पेशंटचे दात रबरांनी किंवा तारांनी बांधलेले असतात, ओठ सुजलेले असतात. काय होतंय ते ओळखायचं काम तुमच्याकडे येतं. म्हणून कुठल्या दिवशी काय होणं ठीक आणि काय नाही, हे घरातल्या एकाला तरी नीट माहीत हवं. उशाशी एक वही-पेन ठेवा. मोबाइलवर टाइप करता येतं, पण रात्री तीन वाजता घाबरलेल्या माणसाला वहीच लवकर हाताशी येते.

आज मी वाकडा जबडा सरळ करण्याच्या आणि अपघातात मोडलेला जबडा जोडण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे. घोडबंदर रोडवर हेल्मेटशिवाय पडलेली मुलं आमच्याकडे कशी येतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कॅन्सरसाठी जबडा काढलेल्यांची वाट वेगळी असते. त्यात रेडिएशन येतं, हाडाचे प्रश्न येतात. त्यांनी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच कॅन्सर केंद्रात, किंवा परळच्या टाटामध्ये, जिथे उपचार चालू आहेत तिथेच विचारावं.

सुजेपासून सुरू करते, कारण तिला पाहून सगळे घाबरतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. डोळे बारीक होतात, चेहरा ओळखू येत नाही. यात बिघडलेलं काही नाही. उशा उंच ठेवा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तितके दिवस बर्फ लावा. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, उरलेली पुढे काही महिने रेंगाळते. लक्ष ठेवायचं ते उलट्या प्रवासावर. उतरत चाललेली सूज एका बाजूला पुन्हा चढायला लागली, ताप आला, तोंडात खारट-घाण चव यायला लागली किंवा टाक्यांतून पू दिसला, तर तो संसर्ग समजा आणि त्याच दिवशी दाखवा. घरात उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. संसर्गामुळे कधी कधी हाड जोडायला बसवलेली टायटॅनियमची प्लेट काढावी लागते, पण शक्य असेल तर डॉक्टर हाड जुळेपर्यंत थांबतात. प्लेट काढावी लागली म्हणजे ऑपरेशन फसलं असं समजून खचू नका.

आता उलटी. बांधलेल्या जबड्याने उलटी होणं ही घरच्यांची सगळ्यात मोठी भीती आहे आणि ती रास्त आहे. पेशंटला उताणं झोपवून ठेवू नका. लगेच बसवा, पुढे वाकवा. उठता येत नसेल तर कुशीवर वळवा. पोटात फक्त पातळ पदार्थ असल्यामुळे उलटी दातांच्या फटींतून आणि शेवटच्या दाढांमागच्या जागेतून बाहेर येते. गाल बोटाने बाहेर ओढून धरा. श्वास अडकतोय असं वाटलं तर रबरं कापायची, तारा असतील तर तारा. त्यासाठी रबरांना छोटी कात्री आणि तारांना वायर कटर पेशंटच्या हाताशी, दोरीला बांधून ठेवा. नेमकं कुठे कापायचं हे डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून आरशात पाहून शिकून घ्या. हे शिकल्याशिवाय घरी जायला तयार होऊ नका. कापलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं; बांधणी पुन्हा करता येते.

वरच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर नाकातून काळपट रक्त थोडं थोडं येतं, ते पहिल्या काही दिवसांत चालतं. लालभडक, ताजं, न थांबणारं रक्त आलं तर आठवडा-दोन आठवडे उलटून गेले असले तरी थेट इमर्जन्सीत जा. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक दाबायची नाही.

खाण्यापाशी मला जरा थांबायचंय. आपल्याकडे माया ताटातून दिसते, आणि हा माणूस ताटावर बसू शकत नाही. मग एकदम मोठा ग्लास भरून दूध पुढे येतं, त्याला ते जात नाही, आई रडते, तोही रडतो. थोडं थोडं, दर दोन तासांनी द्या. भाताची पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, पातळ वरण, ताक. सगळं मिक्सरमधून काढून गाळणीतून गाळायचं. नुसती पेज देऊ नका, तिच्यात डाळीचं पाणी, तूप, दूध, प्रोटीन पावडर असं काहीतरी जाऊ द्या, कारण जखम भरायला प्रथिनं लागतात. सिरिंजला नळी लावून गालाच्या आत, मागे हळूहळू सोडायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्ट्रॉ नको. दर खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुवायचं, लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात घासायचे. गोळ्या सरसकट कुटून देऊ नका. काही गोळ्या कुटल्या की एकदम अंगात उतरतात. औषध सिरपमध्ये मिळतं का, ते विचारा.

मधुमेह असेल तर हे नीट ऐका. खाणं निम्म्यावर आलं आणि इन्शुलिन किंवा गोळ्या पूर्वीइतक्याच चालू राहिल्या, तर साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर साखरेचा खडा तोंडात घालता येत नाही. ग्लुकोज पाण्यात विरघळवून तयार ठेवा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडातून काहीही न देता हॉस्पिटल. डोस किती कमी करायचा, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.

खालच्या ओठाचा बधिरपणा ही अशी तक्रार आहे की लोक ती मनात धरून महिने काढतात. वाकडा जबडा सरळ करताना खालचा जबडा मागच्या बाजूला भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा उभा दोन थरांत विभागून पुढे-मागे सरकवतात. झ्युरिकचे सर्जन ओबवेगेसर यांनी 1957 मध्ये मांडलेली पद्धत सुधारत सुधारत आजही तीच वापरात आहे. त्या दोन थरांच्या मधूनच ओठाला आणि हनुवटीला स्पर्श पोचवणारी नस जाते. ती ताणली जाते, म्हणून ऑपरेशननंतर ओठ जवळजवळ सगळ्यांचा बधिर होतो. आठवड्या-महिन्यांनी मुंग्या येतात, टोचतं, शिवशिवतं. ती बहुधा नस जागी होत असल्याची खूण असते. वर्षभरही लागू शकतं, आणि काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो, हे मी लपवणार नाही. तोवर चहाची काळजी घ्या. बधिर ओठाला कढत चहा कळत नाही आणि पोळल्याचं फोड आल्यावरच लक्षात येतं. कप आधी हाताने तपासायचा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेक जण एकदम उदास होतात. भूक, झोपमोड, आरशातला अनोळखी चेहरा, सगळं एकत्र येतं. हसरी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, तेव्हा माझा जीव तुटतो. तिला "सगळं तुझ्याच हट्टाने केलंस" असं कुणीही म्हणू नये. पाहुण्यांची रांग लावू नका. पंधरवडा उलटला तरी उदासी हटली नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं तिने वहीत लिहिलं, तर तीही गुंतागुंत समजून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर गर्दीची लोकल नको. ठाण्याला चढताना एक कोपर लागलं तरी पुरे. दात कालपर्यंत जुळत होते आणि आज जुळत नाहीत असं वाटलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच सुरू करा, आधी नाही. पण सांगितल्यावर दुखतंय म्हणून टाळूही नका, कारण आखडलेला जबडा पुढे फार त्रास देतो. वरच्या-खालच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावली की ठीक. मग मऊ भात, खिचडी, उपमा, कुस्करलेली पोळी. भाकरीला त्यानंतर वेळ आहे. चकली, चिक्की आणि ऊस तर डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हो म्हटल्यावरच.