बळदातलं रिव्हॉल्वर

(दृश्य: नारायण पेठ. अर्धा पाडलेला वाडा. जेसीबीचा आवाज हळूहळू मागे जातो.)

वाडा पाडताना आधी कौलं उतरतात, मग दारं-खिडक्या, मग तुळया. सागवानाचा भाव आधीच ठरलेला असतो. बळदाला मात्र गिऱ्हाईक नसतं. आमचं बळद माजघराच्या भिंतीत होतं, धान्य साठवायचं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. आमच्या पिढीने ते कायम बुजलेलंच पाहिलं.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि मुठा पेठांमध्ये शिरली. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ घमेल्या-घमेल्यांनी बाहेर काढला. बळदातला राहून गेला तो राहूनच गेला.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मजुराचं फावडं त्या गाळाच्या तळाशी कशाला तरी लागलं. त्याला वाटलं, अडकित्ता आहे.

(दृश्य: वर्तमानपत्रावर ठेवलेला गंजाचा गोळा.)

गाळाच्या तळाशी, हे लक्षात ठेवा. म्हणजे पूर आला तेव्हा ही वस्तू तिथे आधीपासून होती.

काका टूलरूममध्ये अडतीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "कुणी हात लावू नका. काडतूस जुनं झालं म्हणजे मेलं असं धरायचं नसतं." मग पोलीस आले, पंचनामा झाला, वस्तू सीलबंद होऊन गेली. संध्याकाळपर्यंत पेठेत ते पिस्तूल चापेकरांचं झालं होतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हापासून पुण्यात सापडणारं प्रत्येक जुनं पिस्तूल चापेकरांचंच असतं. जसं प्रत्येक जुन्या विहिरीतून शनिवारवाड्याला भुयार जातं. आमच्याकडे तसा काडीचाही पुरावा नाही.

चौदा महिन्यांनी, कोर्टाच्या आदेशाने, ते परत मिळालं. का मिळालं, ते ऐकण्यासारखं आहे. शस्त्र अधिनियम, १९५९. त्याचं कलम ४५ सांगतं की जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार या कायद्यातून सुटतं, पण एका अटीवर: ते दुरुस्त न करता तर नाहीच, दुरुस्त करूनही चालवता येता कामा नये. प्रयोगशाळेचा अहवाल तसाच आला. घोड्याचं टोक झडलेलं, काडतुसं बसतात त्या चक्राच्या भिंती खाल्लेल्या, नळी आतून चाळण.

म्हणजे आम्हाला ते परत मिळालं ते दुरुस्त होणार नाही म्हणून. आणि काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मग सुरुवात कुठून करू या?"

(दृश्य: गॅलरी. प्लॅस्टिकचा टब, बॅटरी चार्जर, बुडबुडे.)

आधी बांबूच्या काड्यांनी माती काढली. लोखंडी टोकाने खरवडलं तर गंजाबरोबर अक्षरंही जातात. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून आठ दिवस डिझेलमध्ये. मग टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार्जरचं ऋण टोक रिव्हॉल्वरला, धन टोक साध्या लोखंडी सळीला. स्टीलचा चमचा वापरायचा नाही. त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. आणि हे बंद खोलीत करायचं नाही, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. हे काकूंनी काकांना सांगितलं, काकांनी काकूंना नव्हे.

तिसऱ्या दिवशी पट्टीवर "मार्क" एवढा शब्द उमटला. पुढचा आवृत्तीचा आकडा गेलेला. नळीवर पंख असलेली गोळी, ही वेब्लीची खूण, बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीची. ब्रिटिश सैन्याने ०.४५५ बोअरचं वेब्ली मार्क एक १८८७ मध्ये घेतलं. १९१५ च्या मार्क सहाची नळी सहा इंची, मूठ चौकोनी. आमची नळी चार इंच भरली आणि मुठीचा सांगाडा पोपटाच्या चोचीसारखा वळलेला. म्हणजे आमचं त्याच्या आधीचं.

वेब्लीचं रिव्हॉल्वर बिजागरीवर मोडतं. अंगठ्याजवळची कळ दाबली की नळी खाली झुकते आणि काडतुसांच्या सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. आमच्या रिव्हॉल्वरच्या एक्स-रेत सहापैकी एका भोकात रिकामी पुंगळी दिसते. उरलेल्या पाचांत गाळ. बार उडाल्यावर ते कुणी उघडलंच नाही.

नळीही बहुधा कुणी धुतली नसावी. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि लोखंड आतून खातो. म्हणून शिपाई बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवायचे. पुराच्या पाण्यानंतर हे सिद्ध करणं कठीण आहे, पण काकांचं मत ठाम आहे. माझंही तेच होत चाललंय.

(दृश्य: काकांचे हात, चक्राला लावलेलं लाकडी शिकंज.)

भांडण झालं ते चक्रावरून. काकांना ते फिरायला हवं होतं. फिरलं नाही तर त्याला रिव्हॉल्वर का म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा. मी कलम ४५ वाचून दाखवलं. ते म्हणाले, "घोडा नाही, नळी नाही, नुसतं चक्र फिरल्याने कोण मरतंय?" एका संध्याकाळी ते जेमतेम पाव इंच हललं, आणि आतून पापुद्रा तुटल्याचा आवाज आला. काकांनी हात काढून घेतला. त्यानंतर शिकंज माळ्यावर गेलं.

पुढचं काम हिरड्याने केलं. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो हिरडा, त्याचा काढा, तीन हात. हिरड्यातलं टॅनिन उरलेल्या गंजाशी मिळून निळसर काळा, टिकाऊ थर धरतं. जुनी काळी शाईही याच मेळाची. दुकानदाराने विचारलं, पोट साफ होत नाही का? काका हो म्हणाले.

(दृश्य: खुर्चीत आत्या. मांडीवर पांढरं फडकं, त्यावर काळं रिव्हॉल्वर.)

आत्या पुराच्या वेळी अठरा वर्षांची होती. वाड्यात जन्मलेली ती शेवटची. तिने ते हातात घेतलं नाही, चष्मा मात्र दोनदा पुसला.

"दादा आम्हाला बळदात उतरू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "लपाछपी खेळतानासुद्धा. म्हणायचे, आत नाग आहे."

मग तिने विचारलं, पुंगळी बाहेर काढता येईल का.

काका म्हणाले, नाही. आणि मेणाचा डबा उघडला.