वरून कोब्रा, आत काय?

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातानं स्पोर्ट्स कार बांधायची, हे वेड ज्याला लागतं त्याला ते बहुधा एखाद्या फोटोपायी लागतं. लांबलचक नाक, फुगीर मडगार्डं, दोन्ही कडांनी निघालेले एक्झॉस्टचे जाड पाइप. फोटो बघितला की माणूस मनाशी ठरवूनच टाकतो, बांधीन तर हीच. मग तिच्या रेप्लिकेचं, म्हणजे हुबेहूब नकलेचं, किट कोण देतं, घरी जोडायचे सुटे भाग कितीला मिळतात, याची शोधाशोध सुरू होते. मी तुम्हाला नेमकं तिथं अडवणार आहे. कारण फोटोत दिसतो तो आकार, आणि किटमधली सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल तर ती आकारच. साचा मिळाला की फायबर कुठलंही रूप घेतं. त्या रूपाखाली काय दडलंय, ते फोटोत कधीच येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जी मूळ गाडीच साध्या बांधणीची होती, थोड्या माणसांनी नळ्या जोडून आणि दुसऱ्यांची इंजिनं बसवून उभी केली होती, तिचीच रेप्लिका घरी चांगली होते. जी मुळातच गुंतागुंतीची होती, तिची घरगुती नक्कल म्हणजे मुखवटा.

आता लोटस सेव्हन घ्या. १९५७ सालची गाडी, कॉलिन चॅपमन यांची. पातळ नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढं इंजिन, मागं दोन माणसं, संपलं. दरवाजे नाहीत, छप्पर असून नसल्यासारखं. वजन पाचशे किलोंच्या आसपास. ही गाडी तर जन्मालाच किट म्हणून आली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर तो लागत नसे. त्यामुळे लोक भाग विकत घेत आणि घरी जोडत. अट अशी होती म्हणतात, की भागांबरोबर जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग लोटसनं काय करावं? गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकानं त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या! १९७३ साली ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले. पण गाडीची गोष्ट काही संपली नाही. आजही तिच्या धर्तीची किटं निघतात, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही नाहीच.

दुसरी कोब्रा. १९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूच्या डोक्यातून निघालेली. एसी नावाची एक छोटी इंग्रज कंपनी, तिची एस ही हलकी, दोघांची गाडी. तिच्या नाकात फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं. खाली दोन जाड नळ्यांची शिडी, वर हातानं ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. मूळ कोब्रा बनल्या हजाराच्या आसपास, आणि नकला झाल्या त्याच्या कितीतरी पट. का? तर नक्कल करणाऱ्याला फार खोटं बोलावं लागत नाही. त्याच्याकडेही दोन जाड नळ्या असतात, त्यालाही व्ही-८ मिळतं. पत्र्याच्या जागी फायबर येतं एवढंच.

तिसरी पोर्शची ३५६ स्पीडस्टर, १९५४ ची. हिची किटं बहुधा फोक्सवॅगन बीटलच्या तळपत्र्यावर बसतात. आता बीटलवर पोर्श म्हटलं की कुणी हसेल, पण पहिल्या ३५६ मध्येच बीटलचे भाग होते. तेव्हा ही रेप्लिका म्हणजे नातू आजोळी परतला म्हणायचं. फक्त एक लक्षात ठेवा. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर, आणि ३५६ चं २१००. म्हणजे तळ मधोमध कापून जवळजवळ फूटभर आखूड करायचा आणि पुन्हा वेल्ड करायचा. तुम्हाला वेल्डिंग येत असेल, तरी हे काम तुमचं नव्हे. तळ कापून, सरळ करून देणारा विक्रेता असेल तरच या वाटेला जा.

आणि आता मुखवटा. लॅम्बोर्गिनी काउंटाच. उंची एक मीटरहून जेमतेम जास्त, पाठीमागं बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढं, दोन सीटांच्या मध्ये. तिच्या किटांसाठी लोक बरेचदा पाँटिअॅक फिएरो घेत. १९८४ ते १९८८ या काळात निघालेली ही गाडी, हिचंही इंजिन सीटांच्या मागं, आणि बाहेरचे पॅनेल प्लॅस्टिकचे, काढता-घालता येणारे. वाटतं किती सोयीचं! पॅनेल काढा, काउंटाचचे लावा. पण स्वस्त किटांमध्ये समोरची काच आणि छत फिएरोचंच राहतं. छत वर, नाक खाली, चाकं आत ओढलेली. दहा पावलांवरून बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं. आणि चावी फिरवली की आवाज येतो तो घरून ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, इथं तर तमाशाही धड नाही.

असो. समजा, तुम्ही साध्या गाडीवर ठरलात. कोब्राचं किट देणारे एक नाही, अनेक. मग त्यांतलं कुठलं?

पहिलं काम, बसून बघा. आणि हे मी अगदी शब्दशः सांगतोय. ज्या विक्रेत्याची बांधून झालेली गाडी तुम्हाला बसायला मिळत नाही, त्याचं किट घेऊ नका. कोब्राचं इंजिन इतकं मागं सरकलेलं असतं की पाय ठेवायची जागा अरुंद. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर एकमेकांना खेटून. रुंद बूट घालून गेलात, तर ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दबतो. हे गॅरेजमध्ये कळण्यापेक्षा विक्रेत्याच्या आवारात कळलेलं बरं. फोर्ड जीटी४० या शर्यतीच्या गाडीचं नावच तिच्या उंचीवरून पडलं, चाळीस इंच. डॅन गर्नी हा शर्यतपटू उंच होता. १९६७ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत त्याच्या गाडीच्या छताला डोक्यापुरता फुगवटा काढावा लागला, आणि ती शर्यत त्यानं सहकाऱ्यासोबत जिंकलीसुद्धा. तुमच्यासाठी फुगवटा कुणी काढणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते इथं मोजपट्टी लावून करायचं.

दुसरं, फायबरच्या उलट्या बाजूला हात फिरवा. चकचकीत बाजू सगळेच दाखवतात. तुम्ही बॉनेट उचला, आत टॉर्च मारा. रेझिन, म्हणजे काचतंतूंना घट्ट धरणारी राळ, नीट मुरलेलं असेल तर काचतंतूंची चटई सगळीकडे सारखी ओली होऊन बसलेली दिसते. पांढुरके, कोरडे पट्टे दिसले, बुडबुडे दिसले, तर तिथं पुढं तडा जाणार. बिजागऱ्या जिथं बसतात तिथं फायबर जाड केलंय का, आत लोखंडी पट्टी घातलीये का, ते बघा. दरवाजाची फट वर किती, खाली किती, तेही बघा. नवं फायबर काही काळ आकसत राहतं, म्हणून बॉडी मिळाल्या मिळाल्या रंगवायची घाई नको. महिन्याभरात रंगाखालून चटईची वीण उमटलेली मी पाहिलीये.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच कुणी विचारत नाही. पैसे देण्याआधी जोडणीचं पुस्तक मागा. सबंध नको, ब्रेकचं प्रकरण पुरे. चांगलं पुस्तक सांगतं की अमुक बोल्ट, अमुक लांबीचा, वॉशर कुठल्या बाजूला, आणि तो किती टॉर्कला, म्हणजे किती जोरानं, आवळायचा. वाईट पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘योग्य रीतीनं बसवा’. किंवा ‘गरजेप्रमाणे कापून घ्या’. ‘गरजेप्रमाणे’ हा शब्द मोजत चला. जितक्या वेळा तो येईल, तितक्या जागी विक्रेत्यानं करायचा विचार तुम्हाला करावा लागणार आहे, रात्री अकरा वाजता, पाठीवर पडून, तोंडावर गंजाचा भुगा झेलत.

माझ्या पुस्तकात वायरिंगला एक पान होतं. एक! मी बांधली सेव्हनच्या धर्तीची गाडी, पण मडगार्डं आणि दिव्यांची बैठक फायबरची. सगळं जोडलं, डावा इंडिकेटर लावला, आणि मागचा लाल दिवा त्याच तालावर मंद-तेज व्हायला लागला. इंडिकेटर बंद केला की दिवा शहाणा. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा खाली. तीन संध्याकाळी मी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, स्विच उघडला. कारण साधं होतं. नेहमीच्या गाडीची बॉडी लोखंडी. दिव्याला एक वायर बॅटरीकडून येते आणि वीज परत जाते ती बॉडीतून. फायबर वीज वाहतच नाही. तिथं प्रत्येक दिव्यापासून परतीची वेगळी वायर चासीपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, न्यावी लागते, आणि चासीवरचा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर आवळावी लागते. मी वायर नेली होती, पण रंगावरच आवळली होती. परतीची वाट बंद, म्हणून वीज दुसऱ्या दिव्याच्या पोटातून घुसून वाट काढत होती. पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा घेतला, चार वेळा घासलं, आणि भुताटकी थांबली. तुमच्या किटबरोबर तयार वायरिंग मिळणार असेल, तर विचारा, अर्थच्या, म्हणजे या परतीच्या, वायरी त्यात धरल्यात का. उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर समजून जा.

डोनर गाडीविषयी, म्हणजे जिचे भाग काढून किटमध्ये वापरायचे त्या जुन्या गाडीविषयी, थोडक्यात. काही किटं अशी असतात की एकच जुनी गाडी घ्या आणि तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टिअरिंग सगळं वापरा. काहींना स्टिअरिंग एका गाडीचं, ब्रेक दुसरीचे, बिजागऱ्या तिसरीच्या. पहिल्या प्रकारचं घ्या. तेही ती डोनर गाडी अजून सहज मिळते का, हे पाहून. जाहिरातीतली किटची किंमत इंजिनाशिवाय, टायरशिवाय, रंगाशिवाय असते. रंगाचा खर्च ऐकून भले भले मॅट काळ्या रंगाच्या प्रेमात पडतात.

आणि नोंदणी. ही चौकशी किट घेण्याआधी, नंतर नव्हे. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायचे नियम देशागणिक वेगळे. कुठं सोपे, कुठं कडक, कुठं वाटच बंद. ब्रिटनमध्ये अशा गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि बाहेरून अंगाला लागू शकणाऱ्या कडांची गोलाईसुद्धा बघतात, निदान अडीच मिलिमीटर. सुंदर टोकदार आरसे त्यातच नापास होतात. मूळ कंपनीचे बिल्ले लावण्याचंही तसंच, आधी चौकशी करा. आकार उचलण्यावरून मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्यात. फेरारीनं अमेरिकेत रेप्लिका बनवणाऱ्याविरुद्धचा दावा १९९१ मध्ये अपिलातही जिंकला. उद्या विक्रेत्याचंच दुकान बंद झालं तर तुमची समोरची काच कुठून येणार, हा विचार आज करा. ती दुसऱ्या एखाद्या सर्रास गाडीची असेल तर उत्तम.

अर्धवट सोडलेलं किट स्वस्तात मिळतं, घेऊ का, असं बरेच जण विचारतात. घ्या, पण मूळ पावत्या आणि भागांची यादी हातात असेल तर. खोके उघडून एकेक भाग मोजा. आधीच्या माणसानं कुठं हात टेकले, तेही विचारा. बहुधा तो दरवाज्यांपाशी थांबलेला असतो.

वेळेचं विचाराल, तर विक्रेते अडीचशे तास सांगतात. तास खरे असतीलही. पण बोल्टचे आटे मोडलेले असतात, चुकीचा भाग परत पाठवायचा असतो, घरात कुणी आजारी असतं. मला पावणेतीन वर्षं लागली. त्यातल्या निम्म्या संध्याकाळी पाना शोधण्यात गेल्या, असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही.

त्या पावणेतीन वर्षांतल्या एका रात्री माझ्या हातून एक वॉशर निसटला. चासीच्या चौकोनी नळीला भोक होतं, त्यातून आत गेला. टिंग, टिंग करत लांब गेला आणि थांबला. लोहचुंबक घातलं, वाकवलेली तार घातली, एकदा चौघांनी मिळून गाडीचं नाक उचलून हलवलं. नाही निघाला. भोक बंद केलं, त्यावर रंग मारला. गाडी रस्त्यावर आली. इंजिनाच्या आवाजात तो ऐकू येत नाही, पण हळू जाताना, डावीकडे वळलं की अजून येतो आवाज, एकदाच. टिंग.

नमस्कार.